रनटाइम प्रॉपर्टी: सेट केली कुठे, वाचली कोणी?

टर्मिनलवाला

नमस्कार मंडळी,

जावात लिहिलेलं एक कमांड लाइन टूल सध्या माझ्याकडे सांभाळायला आलंय. मोठ्या डेटा फाइली वाचायच्या, नोंदी तपासायच्या आणि शेवटी अहवाल काढायचा, एवढं त्याचं काम. इनपुट फोल्डर, थ्रेडची संख्या, लॉगची पातळी, अहवालाचं शीर्षक हे सगळं आजवर कोडमध्येच लिहिलेलं होतं. एक आकडा बदलायचा तरी नवीन बिल्ड. ते आता रनटाइम प्रॉपर्टी म्हणून, म्हणजे प्रोग्राम सुरू करताना बाहेरून देता येणारी सेटिंग म्हणून, बाहेर काढतोय.

वाचायला सोपं जावं म्हणून इथे कमांड देवनागरीत लिहितो, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमनमध्ये आहेत. तर मी असं चालवतो (-डी म्हणजे "ही प्रॉपर्टी सेट कर", जार म्हणजे जावा प्रोग्रामची बांधलेली फाइल):

जावा -जार तपासणी.जार -डीथ्रेड.संख्या=८

आणि कोडमध्ये सिस्टम.गेटप्रॉपर्टी("थ्रेड.संख्या") विचारलं की नल, म्हणजे "काहीच नाही", मिळतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. हीच प्रॉपर्टी आयडीईच्या (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या) व्हीएम ऑप्शन्सच्या चौकटीत टाकली की बरोब्बर मिळते.

दुसरा प्रश्न जास्त मोठा आहे. टीममध्ये एक जण म्हणतो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होताना त्याला बाहेरून मिळणारी नाव-व्हॅल्यूची जोडी) वापर, दुसरी म्हणते प्रॉपर्टीज फाइल ठेव, तिसऱ्याचा आग्रह सगळं कमांड लाइनवरच असावं असा आहे. कुठल्या गोष्टीसाठी काय वापरावं, आणि तिन्हीकडे एकच गोष्ट सेट असेल तर कोणाचं चालावं?

आदिशेल

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. प्रॉपर्टी -जारच्या आधी यायला हवी:

जावा -डीथ्रेड.संख्या=८ -जार तपासणी.जार

जावाचा लाँचर डावीकडून वाचत जातो. जार फाइलचं किंवा मेन क्लासचं नाव आलं की त्याचं वाचन संपलं. त्यापुढचं सगळं तुमच्या मेन मेथडच्या आर्ग्युमेंट अॅरेत जातं, मग ते डॅश-डीने सुरू होवो की आणखी कशाने. मेनच्या पहिल्या ओळीत तो अॅरे छापून बघा, "-डीथ्रेड.संख्या=८" ही अख्खी स्ट्रिंग तिथे बसलेली दिसेल. एरर येत नाही कारण लाँचरच्या दृष्टीने काही चुकलेलंच नाही. त्याने ती प्रोग्रामला दिली, प्रोग्रामने ती वाचली नाही.

आयडीईत चालतं कारण तिथे व्हीएम ऑप्शन्स आणि प्रोग्राम आर्ग्युमेंट्स अशा दोन वेगळ्या चौकटी असतात. टर्मिनलवर हे दोन्ही एकाच ओळीत असतात आणि मधली सीमा म्हणजे जारचं नाव.

पाइपलाइन

यात भर. हाडूप या मोठा डेटा अनेक मशीनवर चालवणाऱ्या व्यवस्थेवरून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण तिथे उलटं आहे. हाडूप जार चालवताना डॅश-डी क्लासच्या नावानंतर येतो, स्पेस देऊन लिहिलेला चालतो, आणि तो जावाचा लाँचर वाचतच नाही. तो वाचतो हाडूपचा जेनेरिक ऑप्शन्स पार्सर. तोही तेव्हाच, जेव्हा प्रोग्राम टूलरनरमधून सुरू केलेला असतो. मेन मेथडमध्ये थेट जॉब बनवला असेल तर तोच डॅश-डी बिनबोभाट दुर्लक्षित होतो. शिवाय ती व्हॅल्यू सिस्टम प्रॉपर्टीत जात नाही, हाडूपच्या कॉन्फिगरेशन ऑब्जेक्टमध्ये जाते. म्हणजे सिस्टम.गेटप्रॉपर्टीने शोधलं तर ती कधीच सापडणार नाही.

अक्षर तेच, वाचणारा वेगळा. म्हणून "कुठे लिहू" याआधी "हे कोण वाचणार आहे" हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. या विषयातली निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

बिल्डबाई

पाइपलाइन यांच्या मुद्द्याला माझ्याकडून ग्रेडल या बिल्ड टूलचं उदाहरण. ग्रेडलला डॅश-डी दिला तर ती ग्रेडलच्या स्वतःच्या जेव्हीएमची (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेची) सिस्टम प्रॉपर्टी होते, डॅश-पी दिला तर प्रोजेक्ट प्रॉपर्टी. टेस्ट मात्र वेगळ्या जेव्हीएममध्ये चालतात. त्यामुळे "मी कमांडवर डॅश-डी दिला, टेस्टमध्ये नल का?" ही तक्रार दर नव्या माणसाकडून ऐकायला मिळते. टेस्ट टास्कमध्ये सिस्टमप्रॉपर्टी वापरून ती व्हॅल्यू मुद्दाम पुढे पाठवावी लागते. जावाएक्झेक टास्कचंही तेच.

अँट या दुसऱ्या बिल्ड टूलचा स्वभाव आणखी वेगळा. तिथे प्रॉपर्टी एकदा सेट झाली की बदलत नाही, जो पहिला त्याचंच चालतं. कमांड लाइनवरची डॅश-डी सगळ्यात आधी लागते, म्हणून ती बिल्ड फाइलमधल्या व्हॅल्यूवर मात करते. बाहेरून बघणाऱ्याला "कमांड लाइन जिंकली" एवढंच दिसतं, पण ती जिंकते कारण ती आधी पोचते. बिल्ड फाइलमध्ये खाली जाऊन तीच प्रॉपर्टी पुन्हा सेट करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

नवी_विंडो

विंडोजवाल्यांसाठी. पॉवरशेलमध्ये डॅशने सुरू होणाऱ्या आणि आत टिंब असलेल्या आर्ग्युमेंटचे दोन तुकडे होतात. -डीमेव्हन.टेस्ट.स्किप=ट्रू असं कोट न देता लिहिलं की मेव्हन या बिल्ड टूलला "-डीमेव्हन" आणि ".टेस्ट.स्किप=ट्रू" असे दोन वेगळे आर्ग्युमेंट मिळतात. मग तो दुसऱ्याला लाइफसायकलची फेज समजून "अशी फेज माहीत नाही" म्हणतो. अख्खं आर्ग्युमेंट कोटमध्ये टाकलं की प्रश्न मिटतो. जुन्या कमांड प्रॉम्प्टवर हे होत नाही, त्यामुळे एकाच्या मशीनवर चालतं आणि शेजारच्याच्या नाही.

आणि सेटएक्स या विंडोज कमांडने व्हेरिएबल सेट केलं तर ते चालू खिडकीत दिसत नाही, नवीन खिडकी उघडावी लागते.

टर्मिनलवाला

आदिशेल, जागा बदलली आणि चाललं. धन्यवाद!

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही करून बघितलं. बॅशमध्ये

थ्रेड.संख्या=८ जावा -जार तपासणी.जार

लिहिलं तर बॅश म्हणतं अशी कमांडच सापडली नाही. असं का?

आदिशेल

टिंबामुळे. शेलमध्ये व्हेरिएबलच्या नावात अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर एवढंच चालतं, आणि पहिलं अक्षर अंक नको. नावात टिंब दिसलं की बॅश त्याला असाइनमेंट मानत नाही, अख्ख्या शब्दाला कमांड समजून शोधायला जातं. एन्व्ह ही कमांड आधी लावून टिंबाचं नाव पाठवता येतं, पण त्या वाटेला जाऊ नका. सरळ थ्रेड_संख्या असं नाव घ्या. रोमनमध्ये ते कॅपिटलमध्ये लिहायची पद्धत आहे, आणि पुढे तुमच्या टूलचं नाव लावा. नुसतं "डीबग" किंवा "होस्ट" नाव ठेवलं की ते दुसऱ्याच कुठल्यातरी प्रोग्रामचं निघतं.

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कने यावर स्वतःची सोय केली आहे. सर्व्हर.पोर्ट ही प्रॉपर्टी एन्व्हायर्नमेंटमध्ये सर्व्हर_पोर्ट नावानेही सापडते. साध्या जावात असं काही नाही. गेटप्रॉपर्टी आणि गेटएन्व्ह ही दोन संपूर्ण वेगळी कपाटं आहेत, एकात ठेवलेलं दुसऱ्यात दिसत नाही.

आता एन्व्हायर्नमेंटबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक ते रोज वापरतात आणि ते कसं चालतं हे फार कमी जण बघतात.

ही कल्पना १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीपासूनची. प्रोसेस सुरू होताना तिला आर्ग्युमेंटच्या यादीबरोबर "नाव=व्हॅल्यू" अशा स्ट्रिंगची दुसरी यादी मिळते. ती प्रत असते. चाइल्ड प्रोसेसने तिच्यात काहीही बदललं तरी पॅरेंटला ते कळत नाही. म्हणून एखाद्या स्क्रिप्टमध्ये एक्सपोर्ट करून ती स्क्रिप्ट नुसती चालवली, तर ती संपल्यावर तुमच्या शेलमध्ये काहीच उरत नाही. ती सोर्स करावी लागते, म्हणजे चालू शेलमध्येच चालवावी लागते. पॅरेंटने नंतर केलेला बदलही आधीच सुरू असलेल्या चाइल्डपर्यंत जात नाही. चालू सर्व्हरचं एन्व्हायर्नमेंट बाहेरून बदलता येईल अशी आशा ठेवू नका, रीस्टार्ट हाच मार्ग.

आणखी एक. हे करून बघा:

रंग=लाल इको $रंग

रिकामी ओळ छापली जाईल. व्हेरिएबल इकोसाठी सेट होतं हे खरं, पण $रंगचा विस्तार त्याआधीच तुमच्या शेलने केलेला असतो, आणि शेलकडे ते नाव नव्हतंच. इथेही तेच: वाचलं कोणी, आणि कधी?

सुडो (दुसऱ्या वापरकर्त्याच्या, बहुधा रूटच्या, अधिकाराने कमांड चालवणारं) बहुतेक ठिकाणी एन्व्हायर्नमेंट पुसून नवं देतं. क्रॉन (ठरलेल्या वेळी जॉब चालवणारा) तर अगदी तोकडं एन्व्हायर्नमेंट देतो, तुमची बॅशआरसी फाइल तो वाचत नाही. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) युनिट फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंट= अशी ओळ लिहिता येते, पण ती शेलमधून जात नाही, त्यामुळे तिथे लिहिलेलं डॉलर-होम तसंच डॉलर-होम राहतं. "माझ्या टर्मिनलवर चालतं, रात्रीच्या जॉबमध्ये नाही" याचं कारण बहुतेक वेळा या तिघांपैकी एक असतं.

सर्व्हरराखी

तिन्हीकडे सेट असेल तर कोणाचं चालावं यावर माझं ठाम मत आहे. जे लिहायला सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात तात्पुरतं, त्याचं चालावं. कमांड लाइन सगळ्यांच्या वर, तिच्याखाली एन्व्हायर्नमेंट, मग वापरकर्त्याची फाइल, मग मशीनची फाइल, आणि शेवटी कोडमधली डीफॉल्ट. माणसाने आत्ता हाताने टाइप केलेलं प्रोग्रामने डावललं तर त्याचा त्या प्रोग्रामवरचा विश्वास उडतो. फाइलची जागा लिनक्सवर होम फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिगखाली ठेवा, आणि एक्सडीजी_कॉन्फिग_होम सेट असेल तर ते आधी बघा.

पण सगळी टूल्स असं वागत नाहीत, आणि ते माहीत असणं गरजेचं आहे. मेक या बिल्ड टूलमध्ये कमांड लाइनवर दिलेलं व्हेरिएबल मेकफाइलवर मात करतं, पण एन्व्हायर्नमेंटमधलं मेकफाइलपुढे हरतं. ते जिंकायला हवं असेल तर डॅश-ई द्यावा लागतो किंवा मेकफाइलमध्ये प्रश्नचिन्ह-बरोबर वापरून "आधी नसेल तरच" असं लिहावं लागतं. स्पार्क या डेटा प्रोसेसिंगच्या फ्रेमवर्कमध्ये कोडमध्ये स्पार्ककॉन्फवर सेट केलेलं सगळ्यात वरचढ, स्पार्क-सबमिटचे फ्लॅग त्याखाली, स्पार्क-डीफॉल्ट्स फाइल तळाला. म्हणजे कोणी कोडमध्ये आकडा लिहून ठेवला असेल तर कमांडवर कितीही ओरडा, उपयोग नाही.

जेव्हीएमचीही एक गंमत बघा. जावा_टूल_ऑप्शन्स नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधले ऑप्शन कमांड लाइनच्या आधी लागतात, म्हणून कमांड लाइन त्यांच्यावर मात करते. पण सुरुवातीला अंडरस्कोअर असलेलं _जावा_ऑप्शन्स कमांड लाइननंतर लागतं आणि ते कमांड लाइनवर मात करतं. दोन्ही वेळा जेव्हीएम "पिक्ड अप..." अशी ओळ स्टँडर्ड एररवर छापतं. ती ओळ वाचत जा. आणि "स्टँडर्ड एररवर काही आलं म्हणजे बिघाड" असं धरणाऱ्या स्क्रिप्ट लिहू नका, त्या याच ओळीने पडतात.

दीर्घश्वास

सर्व्हरराखी यांच्या क्रमाशी सहमत. फक्त एक म्हणेन, छोट्या टूलला पाचही थर देऊ नका. प्रत्येक थर म्हणजे "ही व्हॅल्यू आली कुठून" या प्रश्नाचं आणखी एक संभाव्य उत्तर. टर्मिनलवाल्यांच्या टूलला कमांड लाइन, एक फाइल आणि डीफॉल्ट एवढं पुरे आहे. क्रॉनमधून चालणार असेल तर एन्व्हायर्नमेंट टाळलेलंच बरं.

अक्षरगणित

प्रॉपर्टीज फाइल घेणार असाल तर तिचे नियम एकदा शांतपणे वाचा. ती दिसते साधी, पण तिचं स्वतःचं व्याकरण आहे.

बॅकस्लॅश तिथे एस्केप असतो. विंडोजचा पाथ जसाच्या तसा चिकटवला आणि बॅकस्लॅशनंतर टी आला तर टॅब होतो, एन आला तर नवी ओळ. बाकी बहुतेक अक्षरांपुढचा बॅकस्लॅश गुपचूप गळून पडतो. रोमनमधला छोटा यू आला, म्हणजे यूजर्स फोल्डरचा पाथ छोट्या यूने लिहिला असला, तर पुढची चार अक्षरं हेक्स आकडे म्हणून वाचायचा प्रयत्न होतो आणि लोड करतानाच एक्सेप्शन येतं. खरं तर हा यूवाला प्रकार बरा, निदान लगेच कळतं. टॅबवाला दोन तासांनी "फोल्डर सापडत नाही" म्हणून समोर येतो. जावाला विंडोजवरही पुढे झुकणारा स्लॅश चालतो, तोच वापरा.

व्हॅल्यूच्या आधीची स्पेस काढली जाते, नंतरची काढली जात नाही. "८" नंतर चुकून एक स्पेस राहिली तर इंटिजर.पार्सइंट नंबर फॉरमॅटचं एक्सेप्शन टाकतं, आणि मेसेजमध्ये ती स्पेस कोटच्या आत असली तरी घाईत डोळ्यांना सुटते. वाचताना ट्रिम कराच. स्वतःचा मेसेज लिहितानाही व्हॅल्यू कोटमध्येच छापा, म्हणजे शेवटची स्पेस दिसते.

आता आपल्या कामाचं. अहवालाचं शीर्षक मराठीत असणार असेल तर लक्षात घ्या, प्रॉपर्टीजचं लोड इनपुटस्ट्रीमवरून केलं तर ते आजही फाइल आयएसओ ८८५९-१ मध्ये आहे असं धरतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, त्यामुळे एका अक्षराच्या जागी तीन परकी चिन्हं दिसतात. उपाय सोपा आहे: यूटीएफ-८ सांगून रीडर बनवा आणि लोड त्या रीडरवरून करा. ही सोय जावा ६ पासून आहे. रिसोर्स बंडल मात्र जावा ९ पासून यूटीएफ-८ धरतं. तिथे मराठी नीट दिसतं म्हणून इथेही दिसेल असं गृहीत धरू नका.

एक आनंदाची गोष्ट सांगतो. इंटिजर.पार्सइंटला खरोखरच्या देवनागरी अंकातला "८" दिला तरी तो आठच देतो. पायथनचा इंटही देतो. सीमधलं एटीओआय मात्र शून्य देतं आणि जावास्क्रिप्टचं नंबर "नॅन" म्हणतं. मराठी कीबोर्ड चालू राहून अंक देवनागरीत टाइप झाला तर एका प्रोग्रामला चालेल आणि दुसऱ्याला नाही, त्याचं कारण हे.

उगाचवाचक

चांगला धागा. माझा एक छोटा प्रश्न: डेटाबेसचा पासवर्ड डॅश-डीने दिला तर चालेल का?

सर्व्हरराखी

कृपया नको. लिनक्सवर चालू प्रोसेसची कमांड लाइन पीएस कमांडने त्या मशीनवरच्या कुठल्याही वापरकर्त्याला दिसते, मुद्दाम बंदोबस्त केलेला नसेल तर. शिवाय ती शेलच्या हिस्टरीत राहते. कोणी सेट-एक्स लावून स्क्रिप्ट चालवली तर बिल्डच्या लॉगमध्येही उतरते.

एन्व्हायर्नमेंट त्यापेक्षा बरं. प्रॉकखालची एन्व्हायरन फाइल त्याच वापरकर्त्याला किंवा रूटला वाचता येते. पण तिथेही पासवर्ड प्रत्येक चाइल्ड प्रोसेसला वारशाने जातो, त्यात तुम्ही न लिहिलेली टूल्सही आली. क्रॅश रिपोर्टर अख्खं एन्व्हायर्नमेंट लॉगमध्ये ओतताना मी पाहिलेत.

माझी पद्धत अशी: पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये, फाइलची परवानगी ६००, आणि प्रोग्रामला कमांड लाइनवर फक्त त्या फाइलचा पाथ. पाथ कोणी बघितला तरी बिघडत नाही. सिस्टमडी वापरत असाल तर त्यातली लोडक्रेडेन्शियलची सोय नेमकी याच कामासाठी आहे.

दीर्घश्वास

इथे थोडं वेगळं मत. कंटेनरमध्ये एकच प्रोसेस, एकच वापरकर्ता असेल तर एन्व्हायर्नमेंटमधून गुपित देणं अगदीच चुकीचं नाही, आणि जवळजवळ प्रत्येक प्लॅटफॉर्मला ते देता येतं. फाइल प्रत्येक ठिकाणी माउंट करता येतेच असं नाही.

सर्व्हरराखी

पण मग इन्स्पेक्ट करू शकणाऱ्या प्रत्येकाला ते कंटेनरच्या माहितीत उघड्यावर वाचता येतं. दुसरा मार्गच नसेल तर घ्या, पण प्रोग्रामला दोन्ही वाचता आलं पाहिजे: फाइलचा पाथ दिला असेल तर फाइल, नाहीतर व्हेरिएबल. एवढं करायला दहा ओळी पुरतात.

दीर्घश्वास

हे मान्य. दोन्ही ठेवावं.

पाइपलाइन

पासवर्डचं झालं, आता प्रकारांचं बोलू. प्रॉपर्टी असो, एन्व्हायर्नमेंट असो, फ्लॅग असो, प्रोग्रामच्या हातात येते ती स्ट्रिंग. "फॉल्स" ही पाच अक्षरी रोमन स्ट्रिंग पायथनच्या बूलला दिली तर ट्रू मिळतं, कारण ती रिकामी नाही. "डीबग=फॉल्स" लिहून डीबग चालू झालेले सर्व्हर यातूनच निघतात.

जावाचं बूलियन.गेटबूलियन नाव ऐकून वाटतं की ते स्ट्रिंगचं बूलियन करत असेल. ते तसं करत नाही. ते दिलेल्या नावाची सिस्टम प्रॉपर्टी शोधतं, आणि तिची व्हॅल्यू "ट्रू" असेल तरच ट्रू देतं. "येस", "१", "ऑन" यापैकी काहीही लिहिलं तर फॉल्स. नुसतं -डीडीबग लिहिलं तर व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंग होते, म्हणून तेही फॉल्स! इंटिजर.गेटइंटिजर त्याचाच भाऊ: आकडा वाचता आला नाही तर एक्सेप्शन न टाकता नल किंवा तुम्ही दिलेली डीफॉल्ट परत करतो. थ्रेड.संख्या=८० च्या जागी शून्याऐवजी ओ अक्षर पडलं तर टूल डीफॉल्ट थ्रेडवर शांतपणे चालत राहील आणि कोणाला कळणारही नाही. मला हे पटत नाही. ज्याने चुकीची व्हॅल्यू लिहिली त्याला सुरुवातीलाच सांगा आणि थांबा. कुठली प्रॉपर्टी, काय मिळालं, काय चाललं असतं, तिन्ही एका ओळीत.

"सेट नाही" आणि "रिकामं सेट आहे" यातला फरकही ठरवून घ्या. शेलमध्ये डीफॉल्ट देताना कंसात कोलन-डॅश लिहिलं तर रिकामी व्हॅल्यूसुद्धा "नाही" धरली जाते, नुसता डॅश लिहिला तर रिकामी व्हॅल्यू तशीच राहते. नो_कलर हा संकेत पाळणारी टूल्स व्हॅल्यू काय आहे हे बघत नाहीत, रिकामी नसलेली कुठलीही व्हॅल्यू असली की रंग बंद. तिथे "नो_कलर=फॉल्स" लिहिलं तरी रंग जातातच.

बिल्डबाई

आणि कधी वाचलं हे फार महत्त्वाचं आहे. कोडमध्ये जागोजागी गेटप्रॉपर्टी पेरलेलं असतं ना, त्यातलं काही स्टॅटिक फायनल फील्डमध्ये असतं. ते क्लास लोड होताना एकदाच वाचलं जातं. नंतर सिस्टम.सेटप्रॉपर्टीने काहीही बदला, ते फील्ड जुनंच राहतं. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही असं आहे. फोर्कजॉइनपूलच्या कॉमन पूलची थ्रेडसंख्या ठरवणारी प्रॉपर्टी तो क्लास सुरू होताना वाचली जाते. त्याआधी एखादी पॅरलल स्ट्रीम कुठे चालून गेली असेल तर तुमचा बदल वाया.

स्पार्कमध्ये क्लायंट मोडला ड्रायव्हरची मेमरी कोडमधून सेट करून उपयोग नसतो. तो कोड ज्या जेव्हीएममध्ये चालतोय ती आधीच ठरलेल्या मेमरीने सुरू झालेली असते. ती मेमरी कमांडवर किंवा डीफॉल्ट्स फाइलमध्येच द्यावी लागते.

म्हणून माझा आग्रह असा: मेनमध्ये अगदी सुरुवातीला सगळं एकदा वाचा, तपासा, एका न बदलणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये ठेवा आणि पुढे तो ऑब्जेक्ट हातोहात द्या. खालच्या कुठल्याही क्लासला प्रॉपर्टीचं नाव माहीत असायची गरज नाही. टेस्ट लिहितानाही हा ऑब्जेक्ट नुसता बनवून देता येतो. सिस्टम प्रॉपर्टी सेट करा, टेस्ट चालवा, मग पूर्ववत करा, आणि समांतर चालणाऱ्या टेस्टनी एकमेकींच्या व्हॅल्यू पुसल्या की डोकं धरा, हे सगळं टळतं.

आदिशेल

बिल्डबाईंशी शंभर टक्के सहमत. त्याच ऑब्जेक्टमध्ये प्रत्येक व्हॅल्यूसोबत ती कुठून आली हेही ठेवा. गिटमध्ये गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन चालवून बघा: प्रत्येक सेटिंगपुढे ते कुठल्या फाइलमधून आलं ते छापलेलं असतं. मला विचाराल तर कमांड लाइन टूलमध्ये याहून उपयोगी सोय क्वचितच असेल. तुमच्या टूललाही --कॉन्फिग-दाखवा असा एक फ्लॅग द्या. गुपितं मात्र चांदण्या घालून झाका.

चालू जेव्हीएमकडूनच विचारायचं असेल तर जावाबरोबर येणाऱ्या जेसीएमडी कमांडला प्रोसेस आयडी आणि व्हीएम.सिस्टम_प्रॉपर्टीज द्या, सगळ्या सिस्टम प्रॉपर्टी समोर येतील. व्हीएम.कमांड_लाइन दिलं की ती कुठल्या कमांडने सुरू झाली तेही दिसेल. सर्व्हर चालू असताना अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे दोन आधी चालवावेत.

टर्मिनलवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. बिल्डबाईंच्या सांगण्याप्रमाणे एकच सेटिंग्ज क्लास केला, --कॉन्फिग-दाखवा पण टाकलं. पासवर्ड फाइलमधून.

आता दोन गोष्टी उरल्यात. शीर्षक फाइलमधून घेतलं तर मराठी बरोबर येतं. पण कमांडवर -डीशीर्षक="मासिक तपासणी अहवाल" दिलं तर माझ्या टर्मिनलवर ठीक, आणि क्रॉनमधून चालवलं की अक्षरांच्या जागी भलतंच. आणि रॅपर स्क्रिप्टमधून (जावा सुरू करणाऱ्या माझ्या शेल स्क्रिप्टमधून) दिलं तर शीर्षकाचे तीन तुकडे होतात आणि जावा म्हणतं "तपासणी" नावाचा क्लास सापडला नाही.

अक्षरगणित

क्रॉनचं उत्तर लोकेलमध्ये, म्हणजे भाषा आणि अक्षरसंचाच्या सेटिंगमध्ये, आहे. कमांड लाइनवरून आलेले बाइट जेव्हीएम ऑपरेटिंग सिस्टमच्या लोकेलप्रमाणे वाचतं. तुमच्या टर्मिनलवर यूटीएफ-८ चं लोकेल सेट आहे. क्रॉनमध्ये ते नसेल तर साधं सी लोकेल लागतं आणि त्यात देवनागरी बसत नाही. जावा १८ पासून डीफॉल्ट कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ झाला असला तरी आर्ग्युमेंट वाचताना तो लागू होत नाही, आणि -डीफाइल.एन्कोडिंगनेही ते सुधारत नाही. क्रॉनटॅबच्या वरच्या भागात एलसी_ऑलला त्या मशीनवर असलेलं यूटीएफ-८ लोकेल द्या. कुठली लोकेल्स आहेत ते लोकेल -ए सांगेल. किंवा शीर्षक फाइलमध्येच ठेवा, रीडर तुम्ही यूटीएफ-८ चा केलाच आहे. मी असतो तर फाइलच ठेवली असती.

आदिशेल

आणि रॅपरचं उत्तर कोटमध्ये. स्क्रिप्टमध्ये तुम्ही सगळे ऑप्शन एका स्ट्रिंगमध्ये जमवून $जावा_ऑप्ट्स असं कोटशिवाय लिहिलं असणार. तिथे शेल स्पेसवर तुकडे करतं, आणि स्ट्रिंगच्या आत लिहिलेले कोट त्याला नुसती अक्षरं वाटतात. "तपासणी" हा शब्द सुटा झाला, डॅशने सुरू होत नाही, म्हणून लाँचरने त्याला मेन क्लासचं नाव समजलं. बॅशमध्ये ऑप्शनची अॅरे करा आणि अॅरे अॅट-चिन्हाने, दुहेरी कोटमध्ये उलगडा. स्क्रिप्टला मिळालेले आर्ग्युमेंट पुढे द्यायला डॉलर-अॅट, तोही दुहेरी कोटमध्येच. शेवटच्या ओळीत जावाच्या आधी एक्झेक लिहा, म्हणजे शेल मधून बाजूला होतं आणि थांबण्याचे सिग्नल थेट जेव्हीएमला मिळतात.

जाता जाता, जावा_ऑप्ट्स हे नाव जेव्हीएमला माहीत नाही. टॉमकॅटसारख्या टूल्सच्या स्क्रिप्ट ते वाचतात, म्हणून ते सगळीकडे चालतं असा समज आहे. तुमच्या रॅपरने वाचलं तरच ते चालेल. लाँचरने स्वतः वाचावं असं हवं असेल तर जावा ९ पासून जेडीके_जावा_ऑप्शन्स आहे. ऑप्शन खूप झाले तर एका फाइलमध्ये लिहून कमांडवर अॅट-चिन्ह आणि लगेच फाइलचं नाव द्या. ही सोयही जावा ९ पासूनची. त्या फाइलमध्ये स्पेस असलेली व्हॅल्यू कोटमध्ये लिहिली की तुकडे होत नाहीत.

टर्मिनलवाला

अॅरे केली, शीर्षक फाइलमध्ये हलवलं, एक्झेक लावलं. क्रॉनमधून आताच चालवून बघितलं: --कॉन्फिग-दाखवा मध्ये शीर्षक अख्खं मराठीत, पुढे "प्रॉपर्टीज फाइल, ओळ ४", आणि थ्रेड.संख्यापुढे "कमांड लाइन".

अक्षरगणित, फाइलमधल्या संख्येला ट्रिमही लावलाय. व्हॅल्यू न पटल्यावरचा एरर मेसेज पाइपलाइन म्हणाले तसा तीन भागांत येतो.